वाळूत पुरलेली शपथ

खोल खाईच्या काठावर आधी एक हात दिसतो, मग दुसरा. बेन सोलो स्वतःला कसाबसा वर ओढून घेतो, उभा राहू पाहतो आणि कोसळतो, कारण त्याचा पाय निकामी झालेला आहे. काही अंतरावर रे निपचित पडली आहे. तो फरफटत तिच्यापर्यंत पोहोचतो, तिला मांडीवर घेतो आणि आजूबाजूला पाहतो. त्याची ही नजर पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या ढासळलेल्या, रिकाम्या दालनात मदतीला येईल असे कोणीही नाही हे त्याला ठाऊक आहे, तरीही गर्दीत हरवलेले मूल घरच्या माणसाला शोधते तसा तो एकदा पाहून घेतो. मग तिला छातीशी धरतो, तिच्या पोटावर तळवा ठेवतो आणि डोळे मिटतो. थोड्या वेळाने तिचा हात त्याच्या हातावर येतो. ती उठून बसते, त्याचे नाव घेते, त्याच्या गालाला हात लावते, त्याचे चुंबन घेते. तो हसतो. तीन चित्रपटभर आपण हा चेहरा पाहिलेला असतो, पण त्यावरचे असे निर्मळ हसू आपल्याला नवीन असते. ते पुरते मावळायच्या आत तो मागे कलंडतो, तिच्या डोळ्यांदेखत विरून जातो आणि मागे नुसते कपडे उरतात.

नायिका रे आणि आजवर तिचा वैरी असलेला बेन यांचे हे दृश्य स्टार वॉर्स मालिकेतल्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’च्या शेवटाचे आहे. तो चित्रपट डिसेंबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा १९७७ पासून चालत आलेली नऊ चित्रपटांची कथा इथे संपणार, हे सर्वांना माहीत होते. चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली, पण या शेवटाबद्दल स्टार वॉर्सच्या चाहत्यांमध्ये जी फूट पडली ती अजून सांधलेली नाही. इतक्या माणसांचे रक्त ज्याच्या हाताला लागले आहे, त्याला एका चुंबनाने माफी कशी मिळते, असे काहींनी विचारले. जो मुलगा नुकता कुठे माणसात परत आला, त्याला लगेच मारून टाकण्यात कसले आले समाधान, असे इतरांनी विचारले. मी या दुसऱ्या गटात होते. दिवे लागल्यावरही मी जागेवरून उठले नाही आणि त्यानंतर कित्येक आठवडे मला या चित्रपटाचा मनापासून राग होता. आज मी या शेवटाची बाजू घेते आहे, आणि ती का घेते आहे हे मला नीट सांगायचे आहे.

रागाच्या त्या दिवसांत मी मनातल्या मनात शेवट बदलून पाहत असे. बेन जिवंत राहिला, तर पुढे काय? रे त्याला आपल्या मित्रांकडे घेऊन आली असती. त्या मित्रांपैकी पो या वैमानिकाचा त्याने छळ केलेला होता, फिनला पाठीवर वार करून बेशुद्ध पाडलेले होते आणि चुबाकाच्या डोळ्यांसमोर त्याने स्वतःच्या बापाला मारलेले होते. जक्कू ग्रहावरच्या एका वस्तीतल्या सगळ्या माणसांना ठार करण्याचा हुकूम त्याच्याच तोंडून सुटला होता. अशा माणसाला जिवंत ठेवायचे, तर त्याचा न्याय करावा लागेल, त्याने उरलेले आयुष्य कसे काढले हे दाखवावे लागेल, आणि ज्यांची माणसे गेली त्यांना बोलू द्यावे लागेल. ती मोठी कथा झाली असती, कदाचित फार चांगलीही झाली असती. पण शेवटच्या दहा मिनिटांत ती उरकणे हा त्या मृतांचा अपमान ठरला असता. त्याला एकटाच एखाद्या निर्जन ग्रहावर पाठवण्याचा शेवटही मी करून पाहिला. त्यात तो जगत होता, पण मला हवा होता तो आनंद त्यातही नव्हता. माझा प्रत्येक शेवट कुठे ना कुठे मोडत होता, आणि मोडण्याची जागा दर वेळी एकच होती: रे मेलेली होती. तिला परत आणायचे तर कोणीतरी काहीतरी द्यायला हवे होते.

पुढे केव्हातरी मी हे नऊही चित्रपट कथेच्या क्रमाने, म्हणजे बेनचा आजोबा असलेल्या अ‍ॅनाकिनच्या बालपणापासून, पुन्हा पाहायला घेतले. २००२ च्या चित्रपटात एक प्रसंग आहे. अ‍ॅनाकिनची आई श्मी टस्कन टोळीच्या कैदेत असते. तो तिला शोधून काढतो, पण उशीर झालेला असतो, आणि ती त्याच्या बाहूंत प्राण सोडते. संतापाच्या भरात तो त्या टोळीतल्या बायकामुलांनाही सोडत नाही. आईचे शव घेऊन तो टॅटूइन या वाळवंटी ग्रहावरच्या, आईच्या सासरच्या लार्स कुटुंबाच्या घरी येतो आणि तिथे आपल्या प्रेयसीला, पद्मेला सांगतो, की मी एक दिवस सर्वांत सामर्थ्यवान जेडाय, म्हणजे फोर्स या विश्वव्यापी शक्तीच्या बळावर लढणारा योद्धा, होईन, माणसांना मरण्यापासून थांबवायलाही शिकेन. घराबाहेरच्या वाळूत आईला पुरताना तो गुडघे टेकून तिला वचन देतो, की पुन्हा असे अपयश येऊ देणार नाही. हा प्रसंग मी आधी अनेकदा पाहिलेला होता आणि दर वेळी त्यात मला उतावळ्या वयाच्या मुलाचा त्रागाच दिसला होता. या वेळी मात्र मी चित्रफीत तिथेच थांबवली, कारण पुढच्या सात चित्रपटांमधला अनर्थ मला त्या एका वाक्यात दिसू लागला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २००५ च्या चित्रपटात अ‍ॅनाकिनला पद्मेच्या मृत्यूची स्वप्ने पडतात. तो जेडायचा वृद्ध गुरू योडा याच्याकडे जातो, तर योडा सांगतो, जे गमावण्याची भीती वाटते ते सोडायला शीक. अ‍ॅनाकिनला हा सल्ला पचत नाही, आणि खरे सांगायचे तर प्रेमात पडलेल्या कोणाला पचेल? मग पॅल्पटीन हा कपटी सत्ताधीश त्याला नाट्यगृहात शेजारी बसवून घेतो आणि आपल्या माणसांना मृत्यूपासून वाचवू शकणाऱ्या एका सिथची, म्हणजे जेडायच्या शत्रुपंथातल्या माणसाची, गोष्ट ऐकवतो. अ‍ॅनाकिन विचारतो, ही विद्या शिकता येते का? पॅल्पटीन म्हणतो, जेडायकडून नाही. त्या एका आशेपायी अ‍ॅनाकिन आपले सर्वस्व विकतो, आणि ज्या पद्मेला वाचवायचे होते तिचाच गळा त्याच्या रागात आवळला जातो.

या घराण्यात ही भीती वारशाने उतरत जाते. ल्यूक आणि लेया ही त्याची मुले, आणि बेन हा लेया व हान सोलो यांचा मुलगा. लेयाने ल्यूककडून जेडायचे शिक्षण घेतले होते, पण या वाटेच्या शेवटी आपल्या मुलाचा मृत्यू आहे असे तिला जाणवले आणि तिने लाइटसेबर, जेडायचे प्रकाशाच्या पात्याचे शस्त्र, खाली ठेवले. ल्यूकने झोपलेल्या भाच्याच्या मनात डोकावून पाहिले, तिथे आपल्या सर्व प्रिय गोष्टींचा नाश त्याला दिसला, आणि एका क्षणासाठी त्याने शस्त्र पेटवले. त्या एका क्षणाने बेनचा खलपुरुष कायलो रेन झाला. अ‍ॅनाकिन, लेया आणि ल्यूक यांनी आपापल्या परीने भविष्यातला एखादा मृत्यू पाहिला आणि तो टाळण्यासाठी काहीतरी केले. कोणी सत्ता मिळवू पाहिली, कोणी वाट सोडली, कोणी हत्यार उचलले. त्यातला एकही मृत्यू टळला नाही, उलट ज्याची धास्ती होती तेच ओढवले.

बेनला असे काहीही आधी दिसत नाही. रेचा मृत्यू त्याला स्वप्नात दिसत नाही, तो थेट त्याच्या मांडीवर येऊन पडतो. त्याच्याजवळ टाळण्यासारखे काही उरलेले नाही, देण्यासारखे मात्र आहे, आणि ते तो देऊन टाकतो. टॅटूइनच्या वाळूत गुडघे टेकून आजोबाने जे मागितले होते ते नातवाच्या हातून घडते: मेलेले माणूस परत येते. अ‍ॅनाकिनला ही विद्या सामर्थ्याच्या शिखरावर मिळेल असे वाटत होते. बेनला ती मिळते तेव्हा त्याच्या हातात शस्त्र नाही, पायात बळ नाही, आणि त्याच्यातली बरीचशी प्राणशक्ती पॅल्पटीनने काही क्षणांपूर्वीच शोषून घेतलेली आहे.

ती शोषण्याची कृती आणि ही देण्याची कृती एकाच दालनात, काही मिनिटांच्या अंतराने घडतात, आणि लेखकांनी ही रचना जाणूनबुजून केली असावी असे मला वाटते. रे आणि बेन ही फोर्समधली एक जोडी आहे. दोन देहांत वाटले गेलेले एकच काही. पॅल्पटीनला हे कळते तेव्हा त्याला त्यात फक्त स्वतःचे सडलेले शरीर दुरुस्त करण्याची सोय दिसते. तो दोघांचे प्राण ओढून घेतो, त्याची बोटे पुन्हा भरतात, डोळे परत येतात. तीच जोडी, तोच प्रवाह, पुढे बेनच्या तळव्यातून उलट्या दिशेने वाहतो. याची तयारी चित्रपटाने आधी दोनदा करून ठेवलेली आहे. पसाना ग्रहाच्या भुयारात रे एका जखमी महासर्पावर हात ठेवून त्याची जखम भरून काढते आणि सहज सांगते, की मी त्याला माझ्यातले थोडे जीवन दिले. पुढे डेथ स्टार या जुन्या महाकाय युद्धतळाच्या भग्न अवशेषांवर, खवळलेल्या समुद्राच्या तुषारांत, ती स्वतःच बेनच्या पोटात लाइटसेबर खुपसते आणि लगेच त्याच हातांनी ती जखम बुजवते. बेनने ही विद्या कोणा गुरूकडून घेतलेली नाही. ती त्याच्यावर वापरली गेली म्हणून त्याला येते. ज्या माणसाला शिकवणाऱ्या सर्वांनी त्याच्याबद्दल भीती तरी बाळगली किंवा त्याचा वापर तरी केला, त्याला अखेरचा धडा वैऱ्याच्या शुश्रूषेतून मिळतो.

महाभारताच्या आदिपर्वात रुरू आणि प्रमद्वरा यांची कथा आहे. विवाहाच्या तोंडावर प्रमद्वरा सर्पदंशाने मरते, आणि रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला उठवतो. ही कथा लहानपणी ऐकताना मला त्या ‘अर्धे’ या शब्दाचा मोठा दिलासा वाटत असे; दोघांच्या वाट्याला सारखे आले, हिशेब जुळला. बेनच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही, आणि माझा राग बहुधा तिथेच होता. पण त्याच्याजवळ अर्धे देण्याइतके उरलेच कुठे होते? पॅल्पटीनने पिळून काढून खाईत फेकलेला तो माणूस आहे. उरले होते ते सगळे मिळून तिला पुरेल एवढेच होते, असे मी आता समजते.

मृत्यूने पापे धुतली जातात ही पळवाट आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी तत्त्वतः सहमत आहे. कथेत खलपुरुषाला शेवटच्या क्षणी चांगले करून मारून टाकणे हे आळशी लेखकाचे काम असते. परंतु बेनच्या मृत्यूला प्रायश्चित्त म्हणणे हाच मुळात चुकीचा वाचनाचा मार्ग आहे. प्रायश्चित्त त्याआधी घडलेले आहे, आणि ते शांतपणे, कोणी पाहत नसताना घडले आहे. डेथ स्टारच्या त्याच अवशेषांवर त्याला त्याचा बाप दिसतो. हान सोलोचे ते भूत नाही, चित्रपट स्पष्ट सांगतो की ती बेनची आठवण आहे. दोघे तेच संवाद बोलतात जे २०१५ च्या चित्रपटात त्या अरुंद पुलावर बोलले होते. काय करायला हवे ते मला माहीत आहे, पण ते करण्याची ताकद माझ्यात आहे की नाही ते माहीत नाही. त्या वेळी या शब्दांचा शेवट बापाच्या छातीत आरपार गेलेल्या लाल पात्याने झाला होता. या वेळी बेन ‘डॅड’ एवढेच म्हणतो, पुढचे त्याला बोलवत नाही, आणि हान त्याला ते बोलायला लावत नाही. मला माहीत आहे, एवढेच तो म्हणतो. १९८० च्या चित्रपटात लेयाने प्रेम व्यक्त केल्यावर हानने जे उत्तर दिले होते, तेच उत्तर त्यांच्या मुलाला क्षमा म्हणून मिळते. बेन वळतो आणि लाल लाइटसेबर समुद्रात फेकून देतो. त्याचे परतणे इथे पूर्ण झालेले आहे. एक्सेगोल ग्रहावरच्या त्या ढासळलेल्या दालनात तो काही फेडायला मरत नाही. ज्या माणसावर त्याचे प्रेम आहे ते माणूस त्याच्या मांडीवर मेलेले आहे, म्हणून तो जे करतो ते करतो. तिथे पापपुण्याचा ताळेबंद मांडणे मला आता अप्रस्तुत वाटते.

या चित्रपटात दोष पुष्कळ आहेत आणि मी ते झाकणार नाही. मेलेला पॅल्पटीन परत कसा आला याचे उत्तर एका वाक्यात उरकले आहे. याआधीच्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये ठसठशीत उभी राहिलेली रोझ इथे जवळजवळ नाहीशी झाली आहे. चुबाका मेला असे वाटायला लावून तो थोड्याच वेळात जिवंत दाखवला आहे. मित्रांकडे शेवटचे पाहून घेत स्मृती पुसू देणाऱ्या सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचा तो सुंदर क्षणही पुढे त्याचा सोबती यंत्रमानव आर-टू याने आठवणी परत भरल्यावर फिका पडतो. मृत्यूला हात लावून मागे घेण्याची ही सवय कथेला हानी पोहोचवते. म्हणून तर बेन परत येत नाही याला माझ्या लेखी इतके मोल आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. बेन गेल्यावर पुढे त्याचे नाव कोणीच घेत नाही. विजयाच्या गर्दीत रे फिन आणि पोला घट्ट मिठी मारते, तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते आपण पाहतो, पण तिने कोणाला तरी सांगावे, की तुम्ही ज्याचा द्वेष केला त्याच्यामुळे मी इथे उभी आहे, एवढे एक वाक्य या चित्रपटाला तिच्या तोंडी घालता आले नाही. शेवटी ल्यूक आणि लेया यांच्या आत्मरूपांच्या शेजारी तो दिसत नाही, हेही मला आजतागायत टोचते. शेवटाची बाजू घेताना मी या उणिवेची बाजू घेऊ शकत नाही.

एक उणीव मात्र कोणाच्याच हातात नव्हती. लेयाची भूमिका करणारी कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजी गेली. या चित्रपटातली लेया २०१५ च्या चित्रपटासाठी चित्रित होऊन वापरायच्या राहिलेल्या दृश्यांमधून उभी केलेली आहे. त्यामुळे तीन चित्रपटांत ही आई आणि हा मुलगा एकदाही समोरासमोर येत नाहीत. ती त्याला दुरून हाक मारते, एकच शब्द, त्याचे नाव. ती हाक त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तो वार करता करता थांबतो. त्या हाकेत तिचे प्राण जातात. आणि तिचे शरीर तसेच राहते. जेडायचा देह मृत्यूनंतर विरून जातो हे आपण आधी पाहिलेले आहे, पण लेया पांढऱ्या कापडाखाली तशीच पडून राहते आणि माझ कनाटा ही तिची साथीदार शेजारी उभी असते. एक्सेगोलवर बेन विरतो त्याच क्षणी ते कापडही खाली बसते. आई मुलासाठी थांबली होती. संवादाविना दाखवलेला हा अर्धा क्षण पाहताना माझा गळा आजही दाटून येतो, आणि वेगळ्या परिस्थितीत त्यांची भेट लिहिता आली असती तरी तिने याहून जास्त काही सांगितले असते असे मला वाटत नाही.

आता टॅटूइन. या दृश्यावर सर्वाधिक टीका झाली. ल्यूकला ज्या ग्रहावरून कधी एकदा निघतो असे झाले होते, जिथे लेया कधी घर करून राहिली नाही, तिथे नेऊन दोघांची लाइटसेबर पुरण्यात काय अर्थ, निव्वळ जुन्या आठवणींना गोंजारणे आहे ते, असा हा आक्षेप आहे. मलाही तो पटत असे. पण रे ज्या दोन शस्त्रांना कापडात गुंडाळून वाळूत उतरवते, त्यांतले एक ल्यूकचे म्हणून आपल्याला माहीत असले तरी ते त्याच्या आधी अ‍ॅनाकिनचे होते. ज्याने मृत्यूला थांबवण्याची शपथ घेतली आणि त्या शपथेपायी जेडायच्या मंदिरातल्या मुलांवरही हात उगारला, त्याच्या हातातले हे शस्त्र आहे. ते ज्या घराबाहेर पुरले जाते ते लार्स कुटुंबाचेच घर आहे. याच वाळूत श्मी आहे. चित्रपट तिकडे बोट दाखवत नाही, रेला ती गोष्ट माहीत असण्याचेही कारण नाही, आणि दिग्दर्शकाच्या मनात ती होती की नाही हे मला महत्त्वाचे वाटत नाही. नऊ चित्रपट सलग पाहणाऱ्याला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

मग उंटासारख्या जनावराला घेऊन एक वृद्ध बाई तिथून जाते. इथे फार दिवसांत कोणी आले नाही, तू कोण, असे ती विचारते. रे नाव सांगते. नुसते रे? पुढे काय? पसानावरच्या पूर्वजांच्या उत्सवात एका लहान मुलीने हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा रेने नुसते रे एवढेच सांगितले होते आणि तिचा चेहरा पडला होता. या वेळी ती लगेच उत्तर देत नाही. दूर पाहते, तिथे ल्यूक आणि लेया उभे आहेत. तिचे स्वतःचे आडनाव पॅल्पटीन आहे, ते तिला आता माहीत झाले आहे. ज्या घराण्याचा शेवटचा मुलगा तिला जीव देऊन गेला, त्या घराण्याचे स्कायवॉकर हे आडनाव ती घेते. हे नाव तिने बळकावले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या थांबण्यात, दोन सूर्यांच्या उतरत्या उजेडात तिने घेतलेल्या त्या श्वासात, तिला मिळालेला श्वास ऐकू येतो. ती नाव सांगते, बाई मान हलवून पुढे निघते, आणि रे त्या गोल, नारंगी गोळा असलेल्या छोट्या यंत्रमानवाला सोबत घेऊन क्षितिजाकडे पाहत उभी राहते. शस्त्रे जिथे गेली तिथली वाळू केव्हाच सपाट झालेली असते.